दुसऱ्या मालकाच्या माथी मारलेलं तेल

"भाऊ, ऑटोमॅटिकच्या तेलाले हात नोका लावू. लावला का बॉक्स गेलाच समजा." मूर्तिजापुरात हायवेलगतच्या गॅरेजांमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचा विषय काढला की हे वाक्य हमखास कानावर येतं. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या शोरूममध्ये तोच प्रश्न विचारा. तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर तेच सांगतो, फक्त इस्त्री केलेल्या भाषेत: "सर, सील्ड युनिट आहे. लाइफटाइम ऑइल." एरवी शोरूमवाला मिस्त्रीला अडाणी म्हणतो आणि मिस्त्री शोरूमवाल्याला लुटारू. या एकाच मुद्द्यावर दोघांचं जमतं, आणि जिथे या दोघांचं जमतं तिथे गाडीवाल्याने खिसा चाचपून पाहावा. माझं म्हणणं असं की दोघंही चूक आहेत. मिस्त्री भीतीपोटी चुकतो, शोरूम सोयीपोटी. चुकीचं बिल मात्र या दोघांपैकी कोणीच भरत नाही.

ते कोण भरतं हे समजायला आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी येते कशी ते बघायला हवं. कोरी घेणारेही आहेत, नाही असं नाही. पण पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात कोणीतरी पाच-सात वर्षं वापरलेली, ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर झालेली गाडी एजंटामार्फत इकडे येते, हाच तालुक्याच्या गावातला नेहमीचा रस्ता. गुडघे दुखतात म्हणून वडिलांसाठी, नाहीतर क्लच दाबून दाबून कंटाळलेल्या एखाद्या डॉक्टरसाठी. सोबत सर्व्हिस बुक असतं, त्यावर वेळच्या वेळी शिक्के असतात: इंजिन ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक पॅड. गिअरबॉक्सच्या तेलाची ओळ कोरी. पहिल्या मालकाने काही चुकवलेलं नसतं. त्याला सांगितलंच गेलं नव्हतं. त्याची वॉरंटी संपली, गाडी विकली, विषय संपला. वर्ष-दोन वर्षांनी चढावर गाडी नुसती गुरगुरते आणि पुढे सरकत नाही, किंवा सकाळी रिव्हर्स धरत नाही, तेव्हा ती मूर्तिजापुरात असते. गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे खर्च लाखाकडे धावतो आणि जुन्या गाडीची किंमतच तीन-चार लाख.

शोरूमचा युक्तिवाद आधी घेतो, कारण तो दिसायला शास्त्रीय आहे. इंजिनात इंधन जळतं, काजळी तेलात उतरते, म्हणून इंजिन ऑइल बदलायचं. गिअरबॉक्स बंद असतो, त्यात काही जळत नाही, मग तेल खराब होईलच कशाने? यातलं 'बंद' हेच आधी खरं नाही. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला ब्रीदर असतो. तेल तापलं की हवा बाहेर, निवलं की आत. आणि ऑटोमॅटिकमधलं तेल म्हणजे नुसतं वंगण, हे त्याहून चूक. साध्या गिअरच्या गाडीत इंजिनची ताकद कोरड्या क्लचमधून पुढे जाते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तो दुवाच तेलाचा असतो: इंजिनला जोडलेला पंखा तेल फेकतो आणि त्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो. तेच तेल पंपाच्या दाबाने व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांतून जाऊन गिअर पाडतं. तेच आतल्या क्लचप्लेटांना भिजवतं आणि त्यांची उष्णता वाहून कूलरपर्यंत नेतं. प्लेटा एकमेकींना धरतात त्या क्षणी त्यांना थोडं घसरू द्यायचं आणि मग घट्ट धरू द्यायचं, हेही त्याचंच काम. जास्त घसरलं तर प्लेटा जळतात, कमी घसरलं तर गाडी झटका मारते.

घर्षणाचं हे माप सांभाळणं सोपं नाही. जनरल मोटर्सने १९४९ साली अशा तेलाचं पहिलं मानक ठरवलं, टाइप ए. त्या काळात हे माप सांभाळायला तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल घालत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर बंदी आली आणि पर्यायी रसायनं शोधता शोधता कंपन्यांच्या नाकी नऊ आले. आजची तेलं त्या काळापेक्षा कितीतरी चांगली आहेत, हे कबूलच करायला हवं. डेक्सरॉन ६ हे २००५ चं मानक पाहिलं तरी जुन्या तेलांपेक्षा ते किती जास्त टिकतं हे कळतं. पण टिकाऊ असणं आणि कधीच न संपणं यांत फरक आहे. ही रसायनं तेलात घातलेली असतात, आणि घातलेली वस्तू वापराने संपते. प्लेटांचं अस्तर झिजून तेलात उतरतं, गिअरांचा धातूचा बारीक कीस चेंबरमधल्या चुंबकावर जमतो, तेल तापून तापून पातळपणा बदलतो आणि वार्निशसारखा थर व्हॉल्व्हवर बसतो. काजळी नाही, एवढंच काय ते खरं.

उष्णतेचा मुद्दा तर आपल्याकडे वादाचाच नसावा. वंगणांच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: एका मर्यादेनंतर तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ऐंशी अंशांवर चालणारं तेल एकशे दहावर चालवलं तर तीनदा निम्मं, म्हणजे आठवा हिस्सा. मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं. दंगलीसाठीचं कलम सूर्यामुळे लागलं! अशा दिवसांत लग्नाच्या वऱ्हाडात एसी चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, डी मध्येच अर्धा तास उभ्या असलेल्या गाडीचा विचार करा. इंजिन कन्व्हर्टर फिरवतंय, चाकं जागच्या जागी, सगळी ताकद तेल घुसळून तापवण्यात चाललेली, आणि समोरून कूलरवर येणारी हवाही पंचेचाळीस अंशांची.

हायवेच्या बाबतीत मात्र माझ्या विरोधकांना एक मुद्दा मी स्वतःहून देतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. माना आपल्याच तालुक्यातलं. अशा रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या एकसारख्या वेगाने गाडी चालली की कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच लागतो, तेल घुसळणं थांबतं आणि तेल निवांत राहतं. रोज अकोल्याला जाऊन येणाऱ्याच्या गाडीतलं तेल म्हणूनच गावातल्या गावात फिरणाऱ्याच्या तेलापेक्षा जास्त टिकतं, किलोमीटर दुप्पट झाले तरी. पण मग 'लाइफटाइम'चा हिशेब कंपनीने नेमका कोणत्या गाडीवर मांडला?

उत्तर गाडीच्या पुस्तिकेतच असतं, फक्त मागच्या पानांवर. ह्युंदाईच्या कित्येक मॉडेलांच्या पुस्तिकांत नेहमीच्या वापरासाठी लिहिलेलं असतं की ऑटोमॅटिकचं तेल तपासायचीही गरज नाही, बदलायचीही नाही. पुढे 'कठीण वापर' नावाचा वेगळा तक्ता येतो आणि त्यात तेच तेल सुमारे लाखभर किलोमीटरला बदलायला सांगितलेलं असतं. कठीण वापर कशाला म्हणायचं? धुळीचे रस्ते, सारख्या छोट्या फेऱ्या, आणि ३२ अंशांच्या वर तापमान असताना गर्दीतून गाडी चालवणं. बत्तीस! आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीलाच दुपारी बत्तीस ओलांडले जातात. म्हणजे कंपनीच्याच व्याख्येप्रमाणे मूर्तिजापूर, दर्यापूर, कारंजा या पट्ट्यातली जवळजवळ प्रत्येक गाडी वर्षाचा मोठा भाग कठीण वापरात असते. शोरूमवाल्याने आपल्याला वाचून दाखवला तो तक्ता दुसऱ्याच कुठल्या देशाचा आहे.

गिअरबॉक्स बनवणारे काय म्हणतात तेही पाहा. जर्मनीची झेडएफ ही कंपनी बीएमडब्ल्यूसह अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते. गाडीवाल्या कंपन्या त्यातल्या तेलाला 'लाइफटाइम' म्हणतात. खुद्द झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदला असं सांगते आणि त्यासाठी तेल, चेंबर आणि फिल्टर असा तयार संचही विकते. संच विकण्यात तिचा फायदा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग 'देखभाल खर्च शून्य' असं ब्रोशरमध्ये छापण्यात गाडीवाल्या कंपनीचा फायदा आहे, हेही मान्य करा. दोन्हीकडे स्वार्थ असेल तर ज्याने आतल्या प्लेटा बनवल्या त्याचं मी आधी ऐकेन.

आणि 'हात लावला की जातो' म्हणणाऱ्यांसाठी २०१३ ची गोष्ट. फोक्सवॅगनने त्या वर्षी सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या. दमट-उष्ण हवेत, थांबत-चालत वापरलेल्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक तेलामुळे विजेच्या पुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. उपाय काय केला? ते तेल काढलं आणि मिनरल तेल भरलं. तेल बदलल्याने गिअरबॉक्स मरत असते तर त्या कंपनीने एवढी मोठी कत्तल स्वतःच्या खर्चाने केली असती का?

आता मिस्त्री. त्याला मी शोरूमइतका दोष देत नाही, कारण त्याची भीती अनुभवातून आलेली आहे. त्याने खरंच पाहिलेलं असतं: तेल बदललं आणि पंधरा दिवसांत बॉक्स गेला. पण त्याच्याकडे गाडी येते कधी? गिअर घसरायला लागल्यावर, झटके बसायला लागल्यावर, तेलाला जळका वास आल्यावर. तोवर प्लेटांचं अस्तर जवळजवळ संपलेलं असतं. जुन्या घाणेरड्या तेलातला अस्तराचा चुरा त्या गुळगुळीत प्लेटांना थोडी पकड देत असतो. नवं स्वच्छ तेल आलं की ती पकडही जाते. मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजल घातलं आणि तो गेला, म्हणून गंगाजलाला विष ठरवण्यासारखं हे आहे. चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला, गाडी लोण्यासारखी चालत असताना तेल बदललेल्या गाड्या मिस्त्रीच्या आठवणीत नसतात, कारण त्या बिघडून त्याच्याकडे परत येतच नाहीत.

त्याच्या भीतीतला दुसरा भाग मात्र शंभर टक्के खरा आहे, आणि तो तेल बदलण्याचा नव्हे, चुकीचं तेल भरण्याचा. 'लाल तेल' नावाचं एकच तेल दुकानातून आणायचं आणि सगळ्यांना पाजायचं, ही पद्धत चारचाकींच्या जुन्या पॉवर स्टिअरिंगपासून चालत आलेली. लाल रंग हा ओळखीसाठी घातलेला रंग आहे. तो तेलाची जात सांगत नाही. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा पुलींच्या मध्ये दाबून धरलेला असतो आणि धातूला धातूची पकड मिळावी असं त्याचं वेगळं तेल असतं. त्यात टॉर्क कन्व्हर्टरचं तेल ओतलं की पट्टा घसरणार, पुलीवर ओरखडे पडणार आणि काम तमाम. आणि एएमटी? २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये ती आणल्यापासून आपल्याकडे 'ऑटो गिअरवाली' म्हणून जी गाडी विकली जाते ती बहुतेकदा हीच. ती मुळात साधा गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र बसवलेलं. तिच्यात गिअर ऑइल असतं, ऑटोमॅटिकचं तेल नसतंच. तेव्हा आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती बोल्ट देऊ नका, एवढंच मिस्त्रीने म्हटलं असतं तर माझं त्याच्याशी भांडण नव्हतं.

तिसरा पक्ष अलीकडे उगवलाय: फ्लशिंग मशीनवाले. यांना तेल बदलायचंच आहे, आणि सगळंच, एका दणक्यात. यांच्याशीही माझं पटत नाही. चांगल्या निगा राखलेल्या गिअरबॉक्सला मशीनने तेल बदललं तर बिघडत काही नाही. पण दीड लाख किलोमीटर एकाच तेलावर काढलेल्या गाडीत द्रावण घालून दाबाने धुवायला गेलात, तर इतकी वर्षं जिथल्या तिथे बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या वाटांत अडकतो. अशा गाडीला टप्प्याटप्प्याने बदललेलंच तेल मानवतं. चेंबरचा बोल्ट काढला की सगळं तेल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा एका वेळी चाळीस टक्के निघालं. पहिल्या खेपेनंतर जुनं उरलं साठ टक्के, दुसऱ्या खेपेनंतर छत्तीस, तिसऱ्यानंतर बावीसच्या आत. दरम्यान हजार-दोन हजार किलोमीटर चालवायचं. वेळ लागतो, तेल थोडं जास्त लागतं, पण अचानक काही सुटत नाही. फिल्टर काढता येणारा असेल तर तोही बदलायचा. आणि गिअर आधीच घसरत असेल तर मिस्त्रीने गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावं की हे तेलाचं दुखणं राहिलेलं नाही. तेवढं धैर्य दाखवलं तर तेलाची बदनामीही थांबेल.

तेलाची पातळी बघण्याचंही एक खास वऱ्हाडी त्रांगडं आहे. नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते. गाडी सपाटीवर, इंजिन चालू, आणि तेल साधारण चाळीस अंशांच्या आसपास असताना ओव्हरफ्लोचा बोल्ट उघडायचा. जादा तेल गळून थेंब थेंब झालं की पातळी बरोबर. तेलाचं तापमान स्कॅनरवर बघायचं. आपल्याकडे मेच्या दुपारी उन्हात उभी असलेली गाडी चालू करण्याआधीच तिचं तेल या मर्यादेच्या पुढे गेलेलं असतं. तापलेलं तेल फुगतं, जास्त गळतं, आणि गाडी निवल्यावर तेल कमी भरतं. मग गिअर घसरतो आणि खापर पुन्हा नव्या तेलावर. हे काम उन्हाळ्यात सकाळी सहाला करा, गॅरेज उघडायच्या आधी.

आणि पाणी. याबद्दल शोरूमची पुस्तिका काही सांगणार नाही, कारण ती पूर्णेच्या खोऱ्यात लिहिलेली नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्या तालुक्यातल्या कित्येक गावांखालूनही जातो. रेडिएटर कमी झाला की कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी ओतायची सवय आपल्याला आहे. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल गार करणारा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो, किंवा त्याच पाण्यावर चालतो. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियम पोखरतात, कूलरला भोक पडतं, पाणी तेलात शिरतं. तेल गुलाबी दुधासारखं होतं आणि क्लचप्लेटांचं कागदी अस्तर ज्या डिंकाने चिकटवलेलं असतं तो सुटायला लागतो. हा बॉक्स कोणत्याही तेलाने वाचत नाही. कूलंटच्या डब्यात वाचवलेले दोन-तीनशे रुपये इथे वसूल होतात, व्याजासकट.

यावर शेवटचा बचाव असा येतो की आपल्या माणसाला एवढं सांभाळणं जमत नाही, त्याला 'विसरून जा' म्हणणारं यंत्रच हवं. हे मी मूर्तिजापुरात तरी ऐकून घेणार नाही. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन याच जंक्शनवरून शकुंतला एक्सप्रेस घेऊन १९९४ पर्यंत धावत होतं, सत्तर वर्षं, यवतमाळ आणि अचलपूरच्या दिशेने. ते चालवणारे आणि तेलपाणी करणारे हात याच भागातले होते. त्या शेडमध्ये 'लाइफटाइम' हा शब्द कोणी उच्चारला असता तर फायरमनने त्याला डब्यात बसवून परत पाठवला असता.

तेव्हा माझा हिशेब सरळ आहे. टॉर्क कन्व्हर्टर असो वा सीव्हीटी, वऱ्हाडात पन्नास-साठ हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल तेव्हा कंपनीने सांगितलेल्या जातीचंच तेल बदला. खर्च काही हजारांचा. आणि जुनी ऑटोमॅटिक घ्यायला जाल तेव्हा एजंटाला इंजिनबद्दल विचारू नका, तिथे तो तयार असतो. गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल मागा. नसेल तर दोन खेपांच्या तेलाचे आणि फिल्टरचे पैसे किमतीतून वजा करा. तो म्हणेल, "साहेब, लाइफटाइम असते ते." मग त्याला सौदापावतीवर तेवढंच लिहून, दोन वर्षांची हमी देऊन सही करायला सांगा.